बेळगावात पाहुण्यांसोबत लोककला आणि जेवणाची संध्याकाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की मे महिन्यापर्यंत आमच्या घरी कोणी ना कोणी उतरलेलं असतं. पुण्या-मुंबईचे, गोव्याचे, क्वचित परदेशातून आलेले. त्यांना एक संध्याकाळ ढोल ऐकायला आणि भाकरी खायला न्यायचं हे ठरलेलं. किती वेळा गेले याचा हिशोब आता मीही सोडला आहे. मग ओळखीचे विचारू लागले, ओळखीच्यांच्या ओळखीचे विचारू लागले, आणि प्रश्न तेच ते. म्हणून एकदाच लिहून ठेवते. अशा जागा उघडतात, बंद पडतात, मालक बदलतात, त्यामुळे एकाही जागेचं नाव इथं घेतलेलं नाही.

१. ताई, तिथं असतं तरी काय नक्की?

शहराबाहेर हायवेच्या आसपास किंवा खानापूर, जांबोटीच्या अंगाला एखादं शेतघर किंवा रिसॉर्ट असतं. सारवलेलं अंगण (किंवा सारवल्यासारखं दिसेल असं रंगवलेलं सिमेंट), बाजा, कंदील, एक बैलगाडी. संध्याकाळी भजी-चहा, मग तास-दीड तास लोककलेचे प्रकार, मग पंगत. काही ठिकाणी कार्यक्रम फक्त शनिवार-रविवारी असतो, काही ठिकाणी पुरेशी माणसं जमली तरच कलाकार बोलावतात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न जेवणाचा नको. "आज मेळ येणार आहे का?" हे विचारा. मेळ म्हणजे कलाकारांचा संच. मेळ नसेल तर स्पीकरवरची गाणी आणि महागडी भाकरी एवढंच हाती लागतं.

२. म्हणजे चोखी ढाणीसारखंच ना?

जयपूरच्या त्या राजस्थानी खेड्याच्या थाटाच्या जागेसारखा साचा तोच, ऐवज वेगळा. उंट नाही, कठपुतळी नाही, दालबाटी नाही. आकारही लहान. शंभर-दीडशे माणसं म्हणजे इथं जत्राच.

३. किती वाजता पोचायचं? मुलांची झोप होईल ना?

उजेड असताना पोचा. सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास मिळाला की मुलांना विहीर, गोठा, चूल बघता येते आणि कलाकार तयारी करत असतात ती बघता येते. माझ्या मते संध्याकाळचा सर्वांत चांगला भाग तोच. हलगी विस्तवावर शेकून कातडं ताणून घेतात, तोंडाला रंग लागत असतो, कोणीतरी कमरेचा पट्टा आवळून देत असतं. तेव्हा जवळ जाऊन बसलात तर कोणी हाकलत नाही.

दहाच्या आत सगळं आटोपतं. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, त्यामुळे संयोजकही घड्याळाकडे बघत असतात. उशिरा पोचलात तर तुमच्यासाठी कार्यक्रम लांबत नाही, कापला जातो.

४. तिकीट कसं असतं? मुलांचं अर्धं लागतं का?

बहुतेक ठिकाणी माणशी एकच दर, त्यात खाणं, कार्यक्रम आणि जेवण आलं. मुलांचं कुठं वयावर, कुठं उंचीवर. दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आकडा देत नाही. दोन गोष्टी मात्र आधी विचारा: गाडीचालकाच्या जेवणाचं काय, आणि पाऊस आला तर पैसे परत की दुसरी तारीख. चालकाला बाहेर उपाशी बसवून आपण आत ढोलाला टाळ्या वाजवतो, हे मी बघितलं आहे आणि एकदा स्वतःही केलं आहे. आता बुकिंगमध्ये त्याचं पान आधी धरते.

५. आम्हाला कन्नडचा गंध नाही. कळेल का काही?

वाढणाऱ्या बायकांना, मेळातल्या निम्म्या माणसांना मराठी येतं, निदान कळतं. सीमेवरच्या गावांत दोन्ही भाषा एकाच अंगणात वाढलेल्या. निवेदन कन्नड-मराठी-इंग्रजीची मिसळ असतं. तरी चार शब्द शिकून जा, वाढणाऱ्याचा चेहरा खुलतो. "स्वल्प हाकरी" म्हणजे थोडं वाढा. "साकु" म्हणजे पुरे. "खारा बेडा" म्हणजे तिखट नको. आणि "भाळ छलो" म्हणजे फार छान. 'अक्का' आणि 'अण्णा' तर तुमच्याकडेही आहेतच, आणि तूप वाढताना 'तुप्पा' ऐकलंत तर काय येतंय ते सांगायला लागत नाही.

६. कोणकोणते प्रकार दाखवतात? नावं सांगा, म्हणजे आधी वाचून येऊ.

सगळे एकाच रात्री नसतात. तीन किंवा चार असतात, पुढीलपैकी.

डोळ्ळु कुणित. 'कुणित' म्हणजे नाच. गळ्यातून कमरेशी बांधलेले मोठे ढोल घेऊन माणसं रिंगण धरतात, उड्या घेतात, कधी एकमेकांच्या खांद्यावर चढतात. हा कुरुब, म्हणजे आपल्या धनगर समाजाचा प्रकार, बीरेश्वराच्या भक्तीतला. आता बायकांचे मेळही आहेत आणि त्यांचा ठेका जराही कमी नसतो.

वीरगासे. दक्षाच्या यज्ञात सतीनं देह ठेवला, मग शंकरानं वीरभद्र उभा केला, ही कथा. हातात तलवार, कपाळावर भस्म, मध्येच वाद्यं थांबवून एकजण खड्या आवाजात पद्य म्हणतो. त्याला ओडपु म्हणतात. शब्द कळले नाहीत तरी तो श्वास कुठं घेतो याकडे बघत राहावं. उत्तर कर्नाटकात हे करणाऱ्यांना पुरवंत म्हणतात. देवाच्या उत्सवात ते गालातून शस्त्र पार करतात, जेवणाच्या कार्यक्रमात मी ते कधी पाहिलेलं नाही.

श्रीकृष्ण पारिजात. हा या जिल्ह्याचा खरा दागिना. सत्यभामा, रुक्मिणी आणि त्या पारिजाताच्या फुलाचं भांडण. गोकाक भागातलं कुलगोड हे या खेळाचं माहेर मानतात. त्याच भागातल्या कौजलगी निंगम्मा यांनी तो गावोगाव गाजवला, आणि तेही बाईनं रंगमंचावर उभं राहणं सोपं नसलेल्या काळात. पेटी, तबला, झांज आणि हिंदुस्थानी रागांच्या अंगानं जाणारी पदं. पूर्ण खेळ रात्रभराचा. तुम्हाला दिसतो तो सुरुवातीचा गोल्लतीचा, म्हणजे गवळणीचा भाग, पंधराएक मिनिटं.

गीगी पद. डफ, तुणतुणं, एक मुख्य गाणारा आणि मागे 'गी गी' अशी साथ. आपल्या शाहिराच्या 'जी जी रं जी'ची बहीण. स्वातंत्र्य चळवळीत या पदांनी गावं जागी केली.

यांखेरीज जोगतीचा नाच (प्रश्न १५), करडी मजल (प्रश्न ७), आणि मराठी पाहुणे जास्त असले की लेझीम किंवा एखादा पोवाडा.

७. पत्रिकेवर 'करडी' लिहिलंय. अस्वल आणतात की काय? मुलगी घाबरते.

कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल हे खरं, पण इथं करडी हे एका तालवाद्याचं नाव आहे. सनई आणि झांजेच्या साथीनं लग्नाच्या वरातीत, देवाच्या पालखीपुढं वाजतं. माझा भाचा अख्खा कार्यक्रमभर स्टेजच्या मागं अस्वल शोधत होता आणि शेवटी रडला. मुलांना आधीच सांगून ठेवा.

८. खरं सांगा, हे सगळं कन्नड की मराठी?

हा प्रश्न पुण्याहून हमखास येतो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि त्याचं दुखणं इथल्या मराठी घरांत अजून आहे. माझ्याही घरात आहे. पण ढोलाची गोष्ट त्याहून जुनी आहे.

बघा ना. डोळ्ळु ज्या बीरेश्वराचा, तोच आपला बिरदेव, बिरोबा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळतात तेव्हा दोन्ही राज्यांतले धनगर तिथं असतात. आपल्याकडे शाहिरांचा कलगी-तुरा, शिव मोठा की शक्ती मोठी याची झटापट. तिकडे तीच झटापट हरदेशी-नागेशी नावानं चालते, एक बाजू पुरुषाची, एक बाईची. पारिजातात गोल्लती येते, तमाशात गवळण येते, दोघी दूध-लोणी घेऊनच निघालेल्या आणि दोघींची वाट अडवणारा तोच. यल्लम्माच्या डोंगरावर कन्नड भक्त 'उधो उधो' म्हणतो आणि मराठी भक्त 'उदे गं आई उदे'.

तेव्हा डोळ्ळु कन्नडच, पारिजात कन्नडच, त्यात ओढाताण करायचं कारण नाही. पण बघताना आपल्याला परकं वाटत नाही, याचंही कारण आहे. निवेदकानं 'हा फक्त आमचा' असं ठासून सांगितलं, कुठल्याही बाजूनं, की मी भजी खाते.

९. जेवणात काय असतं?

ज्वारीची भाकरी हा कणा. एक मऊ, तव्यावरून थेट पानात. दुसरी कडक, उन्हात-विस्तवावर वाळवलेली, पापडासारखी मोडणारी. तिला कडक रोट्टीच म्हणतात. चुलीपाशी बाई भाकरी थापत असेल तर तिथं उभे राहा. थापण्याचा तो आवाजही मला ठेक्यातच वाटतो.

सोबत एण्णेगाई, म्हणजे भरलं वांगं, पण आपल्यापेक्षा तेल सढळ आणि शेंगदाणा-तिळाचं वाटण दाट. पुंडी पल्य, म्हणजे अंबाडीची भाजी, आंबट आणि ओबडधोबड. ही पहिल्या घासाला आवडत नाही, तिसऱ्याला आवडते. मटकीची उसळ. झुणक्याच्या वड्या. मग चटण्यांची ओळ: शेंगदाण्याची, कारळ्याची (तिकडे गुरेळ्ळ म्हणतात), जवसाची. लाल मिरचीचं रंजक, त्यावर दही किंवा लोणी. भात आणि कटाची आमटी, म्हणजे कट्टिन सारु, होळीगे असली तर. होळीगे म्हणजे आपली पुरणपोळी. शेंगदाणा-गुळाची शेंगा होळीगेही मिळते, आणि माझं मत विचाराल तर पुरणाची घरी खाता, तिथं शेंगांचीच मागा. गोडात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, कधी मादली. शेवटी ताक.

मांडे मात्र या जेवणात धरू नका. बेळगावचे मांडे उलट्या खापरावर भाजायचं काम एखादी-दुसरीच बाई जाणते, आणि शंभर पानांच्या पंगतीत ते जमत नाही. कुठं 'मांडे' म्हणून रुमाली रोटीवर पिठीसाखर भुरभुरून दिली तर गप्प खा आणि दुसऱ्या दिवशी शहरात खरे विकत घ्या.

एक धोका. सुरुवातीची मिरची भजी आणि चुरमुऱ्यांचं गिरमिट चविष्ट असतात आणि फुकट येत राहतात. मुलं तिथंच पोट भरतात, मग पंगतीत पान तसंच राहतं.

१०. तिखट फार असतं का? मुलांचं काय?

रंग बघून घाबरू नका, रंग बऱ्याचदा ब्याडगी मिरचीचा असतो आणि ती रंगाला मोठी, तिखटाला बेताची. खरा ठसका रंजकाचा. संकेश्वरी मिरची घातली असेल तर आणखीच. मुलांना ताक-भात, भाकरी-दूध-गूळ, होळीगे. मागितलं तर देतात.

११. मटण मिळेल?

बहुतेक ठिकाणी जेवण शाकाहारी. काही शेतघरांवर आधी सांगितलं तर वेगळं करतात, पण त्या पंगती वेगळ्या बसतात. तांबड्या-पांढऱ्यासाठी कोल्हापूर दोन तासांवर आहे.

१२. सोबत जैन काका-काकू आहेत. शिवाय वहिनींना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. जमेल का?

दोन्ही अवघड, वेगवेगळ्या कारणांनी.

बेळगाव जिल्ह्यात जैन घरं पुष्कळ, त्यामुळे कांदा-लसूण-बटाट्याशिवायचं पान स्वयंपाक्याला नवीन नाही. अडचण वेळेची. पंगत बसते आठ-साडेआठला आणि चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्ताआधी जेवायचं असतं. डिसेंबरात इथं सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे अखेरीस सातच्या. म्हणून बुकिंग करतानाच "दोन पानं साडेपाचला" असं सांगा, आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. आम्ही एकदा आठवण करायची विसरलो. काकूंनी शांतपणे पर्समधले खाकरे काढले, पण तेही सूर्य बुडाल्यावर हातात आले म्हणून परत ठेवले. त्या रात्री मला भाकरी गेली नाही.

शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीला मी सरळ सांगते: इथं जेवू नका. चटणीत दाणे, वांग्यात दाणे, पोळीत दाणे, कोशिंबिरीत दाणे, आणि तळण बऱ्याचदा शेंगतेलात. डबा बांधून न्या, कार्यक्रम बघा. औषध सोबत ठेवा.

उपास असेल तर साबुदाणा, केळी वगैरे आधी सांगून मिळतं.

१३. आईचे गुडघे दुखतात. खाली बसावं लागतं का?

पंगत खाली, पाटावर किंवा चटईवर. टेबलं मागच्या बाजूला ठेवलेली असतात, न मागता कोणी दाखवत नाही. पोचल्याबरोबर मागून घ्या. स्वच्छतागृह जेवणाच्या जागेपासून किती लांब आहे आणि वाटेत उजेड आहे का, हे एकदा स्वतः चालून बघा. अंगणातल्या दगडी पायऱ्या फोटोत सुंदर दिसतात, रात्री पाय मुरगळतात.

१४. आठ महिन्यांचं बाळ आहे. आणावं का?

सहा डोळ्ळु एकदम वाजले की छातीत घुमतं. तान्ह्या बाळाला ते जाचतं. आणायचंच तर शेवटच्या रांगेत बसा, स्पीकरच्या समोर अजिबात नको, आणि ढोल सुरू व्हायच्या आधी बाळाला आवारात फिरवायला न्या. तीन-चार वर्षांच्या मुलांना ढोल आवडतो, वीरगासेच्या तलवारी आणि रंगवलेले चेहरे भीती घालतात. त्यांना तयारी दाखवा (प्रश्न ३). रंग लावताना बघितलेल्या काकांची भीती वाटत नाही.

१५. जोगतीच्या नाचाबद्दल मुलांनी विचारलं तर काय सांगायचं?

जोगती म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माची, रेणुकेची सेवेकरी. डोक्यावर देवीचा जग (म्हणजे टोपलीत बसवलेली देवीची मूर्ती), त्याला हात न लावता तोल सांभाळून नाच, सोबत चौंडकं आणि तुणतुणं. नाचणाऱ्यांत बऱ्याच तृतीयपंथी असतात, त्यांना जोगप्पा किंवा जोगती म्हणतात. मुलं "ती बाई आहे की बुवा?" असं मोठ्यानं विचारतात. मी म्हणते, "ती जोगती आहे. नाव विचारायचं तर विचार." मुलांचं तेवढ्यानं समाधान होतं, मोठ्यांचं होत नाही.

मोठ्यांसाठी थोडं जास्त. या परंपरेच्या पोटात देवाला मुली सोडण्याची प्रथा होती आणि तिनं पिढ्यांची माती केली. कर्नाटकात १९८२च्या कायद्यानं त्यावर बंदी आली. नाच मात्र उरला, आणि तो करणाऱ्यांनी स्वतःच्या बळावर त्याला मान मिळवून दिला. बळ्ळारी भागातल्या मंजम्मा जोगती २०१९ साली कर्नाटक जनपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

माझ्या सासूबाई दर वर्षी डोंगराला जाणाऱ्या. त्यांना घेऊन गेले होते त्या रात्री जग डोक्यावर घेऊन जोगती अंगणात आली आणि सासूबाई चपला काढून उभ्या राहिल्या, हात जोडून. मागच्यांना दिसेना. निवेदक माइकवरून म्हणाला, "आजी, प्लीज खाली बसा, कार्यक्रम सुरू आहे." त्या हलल्या नाहीत. मग जोगतीनंच नाच थांबवला, खाली उतरली, सासूबाईंच्या कपाळाला भंडारा लावला, परत वर गेली आणि जिथं सोडलं होतं तिथून ठेका उचलला. पाच मिनिटं गेली असतील. त्या पाच मिनिटांत समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांना आपण नक्की कुठं बसलोय हे कळेनासं झालं.

तेव्हा या नाचाच्या वेळी ताट हातात घेऊन बसू नका. शिट्ट्या नकोत. जगाखाली नाणी ठेवून 'उचलून दाखव' म्हणणारे महाभाग असतात. जोगती डोळ्यांच्या पापणीनं नोट उचलते ती तिच्या कसबानं, तुमच्या फर्माईशीनं नव्हे.

१६. भंडारा लावतात तो नको असेल तर? आमचे मित्र दुसऱ्या धर्माचे आहेत.

हात छातीशी नेऊन मान हलवा, कोणी जबरदस्ती करत नाही, रागावतही नाही. मुसलमान आणि ख्रिस्ती पाहुणे मी नेलेले आहेत. काहींनी लावून घेतला, काहींनी नाही. पांढरा सदरा मात्र कोणीच घालू नये, हळद जात नाही.

१७. फोटो, व्हिडिओ, रील चालतं का?

बसल्या जागेवरून चालतं. फ्लॅश नको, तलवार हातात असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड मारणं धोक्याचं आहे. तयारीच्या जागेत आणि जोगतीचा जवळून फोटो घेताना आधी विचारा. ड्रोन घरीच ठेवा.

१८. कलाकारांना पैसे द्यावे का? वाईट तर नाही ना दिसत?

द्यावे. पण नाचताना अंगावर नोटा उडवणं नको. कार्यक्रम संपल्यावर मेळाच्या प्रमुखाच्या हातात, पाकिटात घालून, "मेळासाठी" म्हणून. आपल्या आहेराला कन्नडमध्येही आयेर म्हणतात. तो शब्द वापरलात तर घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही. तिकिटातून त्यांना किती पोचतं हे जागेजागेवर अवलंबून. दिवसा शेतात किंवा बांधकामावर आणि रात्री इथं, अशी माणसं मेळांत पुष्कळ.

आणखी एक विचारा: "तुमचं जेवण झालं?" एका ठिकाणी आमची पंगत उठेपर्यंत सगळा मेळ स्वयंपाकघराच्या मागं, कट्ट्यावर, रंग न पुसता बसून होता आणि नंतर त्यांना थंड भात मिळाला. तिथं मी परत गेले नाही. एकाही पाहुण्याला पाठवलं नाही. जिथं मेळ आधी जेवतो किंवा सोबत जेवतो, तिथं कार्यक्रमही सरस होतो, हे माझं निरीक्षण.

१९. शेवटी सगळ्यांना नाचायला ओढतात म्हणे. नवऱ्याला आवडत नाही.

नवऱ्याला मधल्या रांगेत बसवा. ओढतात ते कडेच्यांना. डोळ्ळु मात्र एकदा गळ्यात घालून बघा. त्याचं ओझं खांद्यावर आलं की उड्या मारणाऱ्यांबद्दलचं मत बदलतं.

२०. कुठल्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. डिसेंबरात उघड्यावर बसायचं तर शाल, कानटोपी हवीच. जून ते सप्टेंबर खानापूरकडे पाऊस असा कोसळतो की कार्यक्रम पत्र्याखाली होतो आणि ढोल ऐकायचा की पत्रा, हे कळत नाही. ओलसर हवेत कातडंही उतरतं.

दोन अपवाद. १ नोव्हेंबरला शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी माणसांचा काळा दिवस, दोन्ही असतात. रस्ते अडतात, त्या दिवशी बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन निघू नका. आणि डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हॉटेलांत खोली मिळत नाही, हायवेवर बंदोबस्त असतो. तारखा बघूनच ठरवा.

२१. रात्री परत कसं यायचं?

आपली गाडी किंवा थांबवून ठेवलेली टॅक्सी. रात्री त्या रस्त्यांवर बस धरून बसू नका आणि रिक्षावाला येण्या-जाण्याचं भाडं मागणार, ते वाजवीच आहे. गोव्याचे लोक "जेवून लगेच चोर्ला उतरतो" म्हणतात. घाटात धुकं असतं, पोट भरलेलं असतं, झोप येते. रात्र बेळगावात काढा.

२२. पण हे 'खरं' नाही ना? पर्यटकांसाठीच केलेलं?

पर्यटकांसाठीच केलेलं आहे. पारिजाताची रात्र पंधरा मिनिटांत, वीरभद्राचा कोप भजी आणि सूप यांच्या मध्ये. गावात पारिजात बघायला बसलात तर पहाटे तीनला अर्धं गाव घोंगड्यात पेंगत असतं, कोणी चहा करत असतं, आणि तेवढ्यात सत्यभामा असं काही म्हणते की सगळे उठून बसतात. तो पेंगण्याचा वेळ इथं कापलेला असतो, आणि त्याच्याबरोबर उठून बसण्याची मजाही कापली जाते.

तरीही मी नेते. कारण ढोल वाजवणारा तोच असतो जो यात्रेत वाजवतो, आणि हात खोटं वाजवत नाहीत. रेकॉर्डवर ओठ हलवणं, चमकी साटिनचे झगे, तीन मिनिटांत पाच 'आयटम', असं दिसलं तर तिथून उठा. जिवंत गाणारा असेल, विस्तवावर हलगी शेकली जात असेल, निवेदक मेळाचं आणि गावाचं नाव घेत असेल तर बसा.

आणि आवडलं तर मुळाकडे जा. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. ऑक्टोबरात राणी चन्नम्माच्या कित्तूरचा उत्सव, जानेवारीत संगोळ्ळी रायण्णाच्या गावचा, दोन्हीकडे मेळ उतरतात आणि तिकीट नसतं. महालक्ष्मीची यात्रा कित्येक गावांत दर वर्षी नसते, काही वर्षांच्या अंतरानं भरते. कोणा बेळगावकराची ओळख असेल तर यंदा कुठल्या गावची, हे विचारून ठेवा. पाहुणा म्हणून बोलावणं आलं तर ही शेतघरं विसरून तिकडे जा.

२३. दिवसा काय जोडता येईल?

गोकाकचा धबधबा पावसाळ्यानंतर लगेच, घटप्रभेवरचा, ५२ मीटरची उडी. उन्हाळ्यात नुसता खडक दिसतो. सौंदत्तीला सकाळी लवकर. लोककलेचीच ओढ असेल तर हुबळीच्या पुढं शिग्गावजवळ गोटगोडीचं उत्सव रॉक गार्डन बघा, तिथं जुनं खेडं शिल्पांत उभं केलंय. कोल्हापूरच्या बाजूनं येणार असाल तर कणेरी मठावरचं सिद्धगिरी संग्रहालय. सगळं एका दिवशी करू नका, संध्याकाळी ढोलापुढं झोपाल.

२४. घरी काय न्यायचं? कुंदा टिकतो का?

कुंदा दुधाचा, तेव्हा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. निघायच्या दिवशी सकाळी घ्या आणि पुण्याला पोचल्यावर फ्रिजमध्ये. लांब जायचं असेल तर गोकाकचं करदंट घ्या, तळलेला डिंक, सुकामेवा आणि गूळ. 'करिद अंटु' म्हणजेच तळलेला डिंक. कडक रोट्टी पत्र्याच्या डब्यात चांगली राहते, पण ती बॅगेत सर्वांत वर ठेवा. मागच्या वर्षीची दादरला चुरा होऊन पोचली आणि तिथल्यांनी ती दुधात कालवून खाल्ली.